महंतप्पांचा सॅक्सोफोन आणि आपला अभिमान

परदेशात एखाद्या भारतीय आडनावाच्या कलावंताचा सन्मान झाला की आपल्याकडे दोन दिवस त्याची बातमी फिरते. 'भारतीय वंशाचे' हे शब्द मथळ्यात असतात, आईवडील मूळचे कुठले ते पहिल्या परिच्छेदात, आणि हा माणूस नेमकं करतो काय ते शेवटच्या दोन ओळींत. रुद्रेश महंतप्पा यांच्या वाट्याला हेच आलं आहे. गेली वीसेक वर्षं अमेरिकेत अल्टो सॅक्सोफोनचा विषय निघाला की त्यांचं नाव पहिल्या दोन-चारांत येतं. 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात ते अनेकदा अग्रस्थानी राहिले, २०१६पासून प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅझ शिक्षणाची धुरा त्यांच्याकडे आहे. जन्म १९७१चा, इटलीतल्या त्रिएस्ते शहरातला. वाढले अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी. आईवडील कर्नाटकातले. एवढा शेवटचा तपशील कळला की आपल्याला अभिमान वाटून जातो आणि ऐकायचं राहून जातं.

अमेरिकेतलंही चित्र फार वेगळं नाही. तिथल्या परीक्षणांत त्यांच्या सुरांच्या वेगवान लडींना हमखास 'भारतीय' म्हटलं जातं, मग तो तुकडा चार्ली पार्कर या गेल्या शतकातल्या थोर अमेरिकी अल्टोवादकाच्या एखाद्या धुनेतून उचललेला का असेना. तिकडचा समीक्षक आडनाव वाचून दूरचं काहीतरी ऐकतो, इकडचा वाचक तेच आडनाव वाचून घरचं काहीतरी ऐकतो. दोघांच्याही कानांआधी डोळ्यांनी निकाल दिलेला असतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याहून जास्त नुकसानीचं. कारण महंतप्पांच्या वाजवण्यात खरोखर जे भारतीय आहे तेसुद्धा असं ऐकल्यावर हाती लागत नाही.

म्हणून आधी आवाज.

ख्याल ऐकणारा मराठी श्रोता गायकाबद्दल बोलताना स्वराच्या लगावापासून सुरुवात करतो. राग कोणता, बंदिश कोणाची हे नंतर. सॅक्सोफोनलाही हाच क्रम लावावा. हे वाद्य पितळेचं असलं तरी त्याचा आवाज जन्मतो तो माउथपीसवर बांधलेल्या एका पातळ पट्टीतून, रीडमधून. ओठांचा दाब, घशाची पोकळी आणि श्वासाचा जोर यांतून प्रत्येक वादकाचा आवाज वेगळा होतो, इतका की जाणकार दोन सुरांत माणूस ओळखतो. जॅझमधले तीन अल्टोवादक घ्या. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला जॉनी हॉजेस सूर खालून अलगद ओढत आणायचा. पॉल डेस्मंडचा सूर हवेसारखा हलका, त्यात फुंकर जास्त आणि धार कमी. जॅकी मॅकलीनचा सूर आंबट-तिखट, किंचित चढा, मुद्दाम टोचणारा.

महंतप्पा या रांगेत मॅकलीनच्या बाजूला उभे राहतात. त्यांचा सूर उजळ आहे, कडेला धार असलेला, आणि मध्यभागी घट्ट. सूर सुरू होतो तो थेट माथ्यावर, चाचपडत नाही. लांब सूर धरला की शेवटाकडे त्याला कंप देतात, आणि तो कंप गोड करण्यासाठी नसतो. त्याने सूर आणखी ताणल्यासारखा होतो. वेगात वाजवताना जिभेचा आघात जवळजवळ प्रत्येक सुरावर ऐकू येतो. दाणेदार तान म्हणतो ना आपण, तो गुण इथे भरपूर. जॅझमध्ये बरेचदा सूर एकमेकांत मिसळत वाहतात. महंतप्पांचे सूर सुटे राहतात, एकेक ठसठशीत. आणि कितीही वेगात असले तरी लय पायाखालून सुटत नाही.

हा आवाज कुठून आला? आपल्याला उत्तर हवं असतं ते 'कर्नाटक संगीतातून'. पण बोल्डरच्या ज्या मुलाने सॅक्सोफोन हातात घेतला त्याच्या कानावर होते ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर, डेव्हिड सॅनबोर्न यांसारखे लोकप्रिय अमेरिकी सॅक्सोफोनवादक आणि मग पार्कर. भारतीय संगीताशी गंभीर गाठ पडली ती बरीच पुढे. बॉस्टनला बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना थोरल्या भावाने थट्टेने एक अल्बम भेट दिला, कद्री गोपालनाथ यांच्या सॅक्सोफोनचा. विद्यार्थी असताना आसपासची माणसं त्यांना भारतीय संगीतातलं सगळं येत असणार असं गृहीत धरायची, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. चेहरा पाहून ठरवलेलं ज्ञान. ती थट्टेतली भेट मात्र पुढे खऱ्या अभ्यासाचं दार ठरली.

कद्री गोपालनाथ मंगळूरजवळचे, नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचा ध्यास घेतला. सॅक्सोफोनला कळा असतात आणि प्रत्येक कळेला ठरलेला सूर. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायला, एका सुराभोवती झुलत राहायला हे वाद्य सहजी तयार होत नाही. गोपालनाथांनी वाद्यात फेरफार केले आणि ओठ, घसा, अर्ध्या दाबलेल्या कळा यांच्या जोरावर वर्षानुवर्षांच्या रियाजाने त्यातून गमक काढलं. १९८० साली मुंबईतल्या जॅझ महोत्सवात कॅलिफोर्नियाचा अल्टोवादक जॉन हँडी याने त्यांचं वादन ऐकून त्यांच्याबरोबर वाजवण्याची इच्छा व्यक्त केली होती. म्हणजे या कथेत मुंबईचा एक खरा टप्पा आहे, आणि तो महंतप्पांच्या आडनावाशी नव्हे, गोपालनाथांच्या सुराशी जोडलेला आहे.

२००८ साली 'किन्समेन' आला. महंतप्पा आणि गोपालनाथ, दोन अल्टो समोरासमोर. सोबत कन्याकुमारींचं व्हायोलिन, पूवलूर श्रीजींचा मृदंग, रेझ अब्बासीची गिटार, बेस आणि ड्रम्स. माझ्या मते हा या शतकातल्या जॅझमधला एक अव्वल अल्बम आहे, आणि तो नीट ऐकणं हे माझ्या म्हणण्याचं सगळ्यात सोपं प्रमाण. वाद्य एकच, रागाचे सूरही तेच, पण कोण कुठे वाजवतंय हे क्षणात कळतं. गोपालनाथांचा सूर सदैव हलता. ते सुरावर येऊन थांबतच नाहीत, त्याच्या वर-खाली झुलत राहतात, आणि वाक्य संपतं ते विरत जाऊन. महंतप्पा त्याच स्वरसमूहात सूर ठोकून उभा करतात, तो धरतात आणि मग एकदम मोठी उडी घेऊन भलत्याच सप्तकात जातात. 'गणेशा' किंवा 'स्नेक!' या तुकड्यांत दोघे एकामागून एक वाजवतात तेव्हा हा फरक लख्ख ऐकू येतो. महंतप्पा तिथे गोपालनाथांची नक्कल करत नाहीत. त्यांच्या संगतीत ते अधिकच स्वतःसारखे वाजवतात.

आता याच्या शेजारी २०१०चा 'एपेक्स' ठेवावा. इथेही दोन अल्टो, इथेही एक वडीलधारा वादक, फक्त तो पंचाहत्तरीच्या घरातला आफ्रिकन-अमेरिकन बंकी ग्रीन. ग्रीन यांचं नाव सामान्य श्रोत्याला फारसं ठाऊक नाही, पण स्टीव्ह कोलमन, ग्रेग ऑस्बी यांसारख्या पुढच्या पिढीतल्या अल्टोवादकांनी त्यांना गुरुस्थानी मानलं. साथीला जेसन मोरानचा पियानो, फ्रान्स्वा मुतँचा बेस, ड्रम्सवर काही ठिकाणी खुद्द जॅक डिजॉनेट. 'समिट' हा तुकडा ऐकावा. त्या तिरप्या, तुटक, सुरांच्या चौकटीबाहेर डोकावून परत येणाऱ्या ओळी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की हेच ते 'भारतीय' वळण. पण त्या ओळी ग्रीन यांच्याही सॅक्सोफोनमधून तशाच निघताहेत. ज्या लकबीवर आपण आपला शिक्का मारत होतो तिचं मूळ शिकागोत बहरलेल्या एका वादकाकडे निघतं. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐकले की महंतप्पांनी मंगळूरकडून काय घेतलं आणि शिकागोकडून काय घेतलं हे वेगळं करता येतं. आणि जे उरतं, ती धार, तो घट्टपणा, ते सुटे दाणे, ते त्यांचं स्वतःचं.

याच अल्बमात ग्रीन यांचं 'लिटल गर्ल, आय विल मिस यू' आहे. संथ. त्याकडे पुढे येतो.

कुणी म्हणेल, महंतप्पांनी स्वतःच तर ओळखीचा प्रश्न पुढे केला. अल्बमांची नावं पाहा: 'मदर टंग', 'किन्समेन', 'समधी', 'गमक', 'अग्रिमा'. मग श्रोत्यांनी तिकडे पाहिलं तर काय चुकलं? आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर २००४च्या 'मदर टंग'मध्येच आहे. तुम्ही 'इंडियन' भाषा बोलता का, या धर्तीचे प्रश्न अमेरिकेत वाढलेल्या भारतीयांच्या नित्याच्या वाट्याला येतात. महंतप्पांनी लोकांकडून त्या प्रश्नाची उत्तरं ध्वनिमुद्रित केली आणि बोलण्यातले चढउतार उतरवून घेऊन त्यांच्या धुना केल्या. तुकड्यांची नावं भाषांची: कन्नड, गुजराती, तेलुगू, तमिळ, मल्याळम, कोकणी. इंग्लिशसुद्धा. मराठी या यादीत नाही, त्याची रुखरुख वाटू शकते, पण कोकणी आहे. सगळ्यांना एका गाठोड्यात बांधणाऱ्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर आहे. ते ऐकून आपण पुन्हा 'आपला भारतीय वादक' एवढंच म्हणायचं, म्हणजे ज्या गाठोड्यातून तो बाहेर पडायला बघतो त्यातच त्याला परत कोंबायचं.

भारतीयत्व त्यांच्या संगीतात आहेच, पण ते कामातून आलेलं आहे. 'इंडो-पाक कोअलिशन' या त्यांच्या त्रिकुटात गिटारवर रेझ अब्बासी, जन्म कराचीचा, पण जडणघडण अमेरिकेतल्या जॅझमधली. तबल्यावर आणि ड्रम्सवर डॅन वाइस. वाइस हा अमेरिकी गोरा वादक, पंडित समीर चॅटर्जी यांच्याकडे बसून अनेक वर्षं तबला शिकलेला. तिघांत तबल्याची तालीम सगळ्यात खोल कुणाची, तर ज्याचा भारताशी रक्ताचा संबंध नाही त्याची. 'अप्ती' (२००८) आणि 'अग्रिमा' (२०१७) या दोन्ही अल्बमांत आवर्तनाचा हिशेब त्याच्या हातात सुरक्षित असतो म्हणून महंतप्पा इतके निर्धास्त भरकटतात आणि बिनचूक समेवर येतात. विद्या शिकून येते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण बातमी लिहिताना आपण ते विसरतो.

खरं तर मराठी रसिकाने तरी हे विसरू नये. भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाड भागातले, अब्दुल करीम खाँ कैरान्याहून आलेले आणि मिरजेत स्थिरावलेले, अल्लादिया खाँ कोल्हापुरात. या सगळ्यांना महाराष्ट्राने आपलं मानलं ते त्यांच्या गायकीवरून. मन्सूरांच्या जौनपुरीत कन्नडपण शोधत कुणी बसलं नाही. त्यांचा श्वास, त्यांची लयीला बिलगून जाणारी बढत, अनवट रागांवरची पकड यांवर तासन्‌तास वाद झाले. घराणं म्हटलं तरी आपण आवाजाच्या लावण्यापासून बोलतो. हा आपला सगळ्यात चांगला ऐकण्याचा संस्कार आहे, आणि सॅक्सोफोन समोर आला की तो आपण बाजूला ठेवतो.

याची दुसरी बाजू मला अधिक खुपते. सॅक्सोफोन इथे परका कधी नव्हता. ताजमहाल हॉटेलातल्या नाचांपासून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांपर्यंत मुंबईत हे वाद्य वाजवलं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गावोगावच्या लग्नाच्या बँडमध्येही ते पोचलं. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७०च्या आसपास राग आणि जॅझ एकत्र आणणारं संगीत ध्वनिमुद्रित केलं, तेही इथे, आपल्या मातीत राहून. मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनचे सूर तर दोन पिढ्यांना तोंडपाठ आहेत, पण किती जणांना ते वाजवणाऱ्याचं नाव सांगता येईल? गोव्यातल्या ख्रिस्ती वादकाचं संगीत आपण 'पाश्चात्त्य' म्हणून कडेला ठेवलं आणि त्रिएस्तेत जन्मलेल्या, कोलोरॅडोत वाढलेल्या वादकाला आडनावावरून घरचा ठरवलं. दोन्हीकडे चूक एकच आहे. माणूस काय वाजवतो याकडे लक्षच नाही.

अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ साली 'इंडिया' नावाची रचना वाजवली, पंडित रविशंकरांकडून भारतीय संगीत समजून घेतलं, मुलाचं नाव रवी ठेवलं. तरीही कोल्ट्रेनची चर्चा होते ती कोल्ट्रेनच्या सुराची. तोच न्याय महंतप्पांना का नसावा?

त्यांचा पार्करशी असलेला संबंध पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. २०१५चा 'बर्ड कॉल्स' हा पूर्ण अल्बम चार्ली पार्करवर आहे, पण त्यात पार्करची एकही धून जशीच्या तशी नाही. महंतप्पांनी पार्करच्या धुना आणि सोलो यांचे सांधे सोडवले. कुठे सूर तेच ठेवून लय बदलली, कुठे लयीचा साचा ठेवून सूर बदलले, आणि उरलेल्या सामग्रीतून नवी रचना बांधली. 'डॉना ली'तून 'ऑन द डीएल', 'कन्फर्मेशन'मधून 'शुअर व्हाय नॉट?', 'स्टीपलचेस'मधून 'गोपुरम'. ट्रंपेटवर तेव्हा जेमतेम विशीतला अ‍ॅडम ओफॅरिल, पियानोवर मॅट मिचेल, ड्रम्सवर रूडी रॉयस्टन. पार्करला वंदन करणारे अल्बम ढिगाने निघतात, आणि बहुतेकांत १९४५ सालचीच वाक्यं सफाईने पुन्हा म्हटलेली असतात. महंतप्पांनी पार्करकडून वाक्यं न घेता विचार करायची पद्धत घेतली. परंपरेशी नातं ठेवायचं ते असं. जुनी बंदिश जशीच्या तशी घोकणारा आणि तिच्यातल्या एका जागेवरून नवं काही सुचणारा, यांतला फरक आपल्याला चांगला कळतो.

या अल्बमातला 'टॅलिन इज थिंकिंग' मला सगळ्यांत प्रिय आहे. टॅलिन हा त्यांचा मुलगा. मूळ सामग्री पार्करच्या १९४८च्या 'पार्कर्स मूड' या ब्लूजची, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन लोकसंगीतातून आलेल्या घाटाच्या रचनेची. ती इथे इतकी संथ केली आहे की ओळखीची वाक्यं ताणली जाऊन जवळजवळ अनोळखी होतात. महंतप्पा सूर लावतात आणि घाई न करता थांबतात. त्यांच्या आवाजातली धार इथे तशीच आहे, पण वेगाच्या आडून न आल्याने ती पहिल्यांदा नीट दिसते. सुराच्या शेवटी किंचित खाली झुकणं, पुढचा सूर उचलताना घेतलेला अर्ध्या श्वासाचा वेळ. ग्रीन यांच्या त्या संथ रचनेचा उल्लेख केला तो यासाठी. महंतप्पांच्या संथ वाजवण्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, कारण वेग आणि हिशेब यांना 'भारतीय' म्हणणं सोपं असतं. संथ ब्लूजला तो शिक्का बसत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो.

त्यांचं सगळंच मला भावतं असं नाही. २००६चा 'कोडबुक' संकेतलिपी आणि अंकगणित यांच्या कल्पनांवर रचलेला आहे, आणि त्यातल्या काही तुकड्यांत रचनेची चतुराई ऐकू येते, पण तिच्यामागे सूर घुसमटतो. 'गमक' (२०१३) मध्ये डेव्हिड फ्यूझिन्स्कीची श्रुतींमधून घसरणारी गिटार आणि महंतप्पांचा सॅक्सोफोन दोघेही एकाच वेळी इतकं काही सांगतात की कानाला उसंत मिळत नाही. या माणसाला गर्दीचा मोह आहे. समोर बंकी ग्रीन किंवा गोपालनाथांसारखा वडीलधारा असला, किंवा साथ कमी असली, की तो मोह आवरतो आणि वादन उंचीवर जातं. पण असं बोलायला आधी ऐकावं लागतं. अभिमानाच्या लेखांत टीका नसते, आणि टीका नसलेलं कौतुक कलावंताच्या काहीच कामाचं नाही.

आपल्याकडच्या आयोजकांकडूनही माझी एक मागणी आहे. परदेशातला भारतीय वंशाचा जॅझवादक आला की त्याच्या शेजारी तबला किंवा सितार बसवून जुगलबंदी ठरवायची, हा मोह टाळावा. सवाल-जवाब होतात, टाळ्या पडतात, आणि वादकाने वीस वर्षं ज्या बेसवादक-ड्रमरबरोबर आपली भाषा घडवली ती कानावर पडतच नाही. फ्रान्स्वा मुतँ आणि रूडी रॉयस्टन यांच्या साथीत महंतप्पा कसे वाजवतात ते इथल्या मंचावर ऐकू येऊ दे. ज्यांना 'किन्समेन' हवा आहे त्यांच्यासाठी तो अल्बम आहेच, आणि गोपालनाथ २०१९ साली गेल्याने ती भेट आता पुन्हा घडणार नाही.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात २०२०च्या 'हीरो ट्रिओ'पासून करावी असं मी सुचवेन. फक्त अल्टो, बेस आणि ड्रम्स. पियानो नाही, गिटार नाही, तबला नाही, आणि एकही रचना महंतप्पांची स्वतःची नाही. पार्कर आहे, ऑर्नेट कोलमन आहे, कीथ जॅरेट आहे, स्टीव्ही वंडरचं गाणं आहे, जॉनी कॅशचं आहे. लोकप्रिय गाण्याची चाल धरून ते किती साधेपणाने सुरू करतात आणि दोन आवर्तनांत ती कुठल्या कुठे नेतात ते पाहावं. आधार घ्यायला पियानोचे स्वर नसल्याने सगळा भार सुरावर आणि लयीवर पडतो, आणि तो सूर कसा आहे हे तिथे लपत नाही. त्यानंतर 'बर्ड कॉल्स', मग 'एपेक्स', आणि 'किन्समेन' सगळ्यांत शेवटी. तोवर महंतप्पांचा आवाज कानात पक्का बसलेला असेल, आणि दोन अल्टो एकत्र सुरू झाले की त्यातला कोणता कुणाचा, हे अल्बमचं वेष्टन न वाचता सांगता येईल.